यांचं पाऊल

भट्टीतून काढून रचून ठेवलेली कौलं तिसऱ्या दिवशी आपोआप फुटायला लागली. कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. मी अंगणात भांडी घासत होते, आणि मागून टक् असा आवाज आला. वळून बघितलं तर कुणी नाही. पुन्हा टक्. मग दुसऱ्या थरातून. राखभरल्या हातांनी मी तशीच उठले. एक कौल उचललं तर त्याच्या मध्यावरचा टवका उडालेला, आणि आत चुन्याचा पांढरा ठिपका. दुसऱ्याचं तेच. तिसरं उचलता उचलताच त्याचे दोन तुकडे झाले.

चुनखडीचा खडा मातीत राहिला की असं होतं. ओल्या मातीत तो गपचूप बसतो, भट्टीत भाजून निघतो, आणि मग दोन-तीन दिवस हवेतली ओल पिऊन फुगतो नि कौल फोडून बाहेर येतो. म्हणून माती मळतानाच त्याला काढायचं. तो डोळ्यांना दिसत नाही आणि हातांनी एवढी माती चाळून होत नाही. तो लागतो पायाला. हौदातल्या मातीत उघड्या पायांनी तास तास चालायचं, आणि खडा लागला की वाकून काढायचा. आमच्या यांचा पाय म्हणजे पाय नव्हताच, डोळा होता. तिळाएवढा खडा असला तरी हे बोलता बोलता थांबायचे, वाकायचे, बोटांनी चिमटून खडा काढायचे आणि तेच वाक्य पुढे सुरू करायचे. वीस वर्षांत यांच्या मातीचं एक कौल कधी वाजलं नव्हतं.

"हे" म्हणजे आमचे मालक, हे सांगायला नकोच. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. सासूबाईंनाही नव्हती. फरक एवढाच, की मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली तरी सासूबाईंच्या तोंडी ते अजून "हे"च. "ते" झालेच नाहीत. "हे असते तर असं म्हणाले असते," "यांना ही भाजी आवडायची नाही." नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा आत खाटेवर बसलाय. मामंजी गेल्यावर सुरुवातीला मलाही दचकायला व्हायचं. मग सवय झाली.

त्या दिवशी यांनी फुटकं कौल हातात घेतलं आणि आतला पांढरा ठिपका नखाने खरवडला.

"माती बदलली," म्हणाले.

"त्याच खड्ड्यातली आहे की."

"मग मुकी झालीय. पायाला काही सांगतच नाही. आधी कसं, प्रत्येक घाण्याला माती वेगळी लागायची. आता सगळी एकसारखी. कापसावर चालल्यासारखी."

"माती मुकी होते होय? तुमचे कान बघा एकदा," मी म्हटलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

शाळेच्या छपराची कौलं होती ती. गाडीवाला दुसऱ्या दिवशी बैल जुंपून आला आणि फुटलेल्या थराकडे बघून रिकामी गाडी घेऊन गेला. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मान खाली घालून गेला मेला, ते जास्त लागलं. यांनी त्याच दुपारी नवीन माती भिजत घातली.

आता मागचं आठवतं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. सगळं डोळ्यांसमोर होतं. हे बाजारात निघाले की शंभर पावलांवर थांबायचे, कमरेवर हात ठेवून कुणाच्या तरी छपराकडे बघत राहायचे. मग पुन्हा शंभर पावलं, पुन्हा दुसरं छप्पर. लोक थट्टा करायचे, की कौलवाला आपली कौलं निरखतोय, नजर लावील. मीही हसायचे. पोटरीत गोळा यायचा यांच्या, चालवत नव्हतं, उभं राहिलं की उतरायचा. ते लपवायला छपरं बघायचे. डाव्या नडगीवरचे केस झडून कातडी चकचकीत झाली होती, मी म्हटलं वय झालं. आणि पाय गार. पांघरुणात चुकून लागला तर मी ओरडायचे, "अहो, सरका तिकडे, मासा शिरल्यासारखं वाटतं." हे सरकायचे.

साखर होती, ते ठाऊक होतं. गोळ्या होत्या फळीवर. चक्कर आली की एक घ्यायचे, बरं वाटलं की डबी बंद. मामंजींचंही असंच होतं.

नव्या मातीची पहिली कौलं आम्ही साच्यातून काढून अंगणात सुकायला मांडली. दाराकडून भट्टीपर्यंत रांगाच रांगा, मधून एक पायवाट सोडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केरसुणी घेऊन बाहेर आले आणि तिथेच थांबले. ओल्या कौलांवर पावलं उमटली होती.

एकच पाय. डावा. पेरभर आत रुतलेला, टाच फरपटत गेलेली. दर दोन कौलं सोडून एक. उजवा पाय पायवाटेवर पडला असणार, तिथली जमीन कडक, तिथे काही उमटत नाही. आणि त्या डाव्या पावलाला अंगठा नव्हता. बाकीच्या बोटांच्या नुसत्या पुसट खुणा, अंगठ्याच्या जागी सपाट माती.

मामंजींचा डावा अंगठा कापला होता. पाय काळा पडत गेला होता त्यांचा, आधी अंगठा, मग पाय, मग माणूसच.

"पुसून टाक," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. चेहरा पांढराफटक. "पुसून टाक, सूनबाई. हे आलेत."

"कोण आलंय?"

"हे," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मी ओल्या हाताने पावलं लिंपली. हे उठून बाहेर आले, तेव्हा निम्मी राहिली होती. यांनी बघितली. माझ्याइतकेच हेही घाबरले, हे मी शपथेवर सांगते.

"तुम्ही तर नव्हता ना आला इकडून?" मी विचारलं.

"मी?" हे एकदम चिडलेच. "माझ्या पायाखाली ओलं कौल आलं तर मला कळणार नाही? कुणाला विचारतेस हे?"

खरंच होतं की. ज्याला तीळ कळतो त्याला आख्खं कौल कळणार नाही? मलाच माझी लाज वाटली. पुन्हा विचारलं नाही.

पण पावलं थांबली नाहीत. एक दिवस आड, मग रोज. नेहमी दारापासून भट्टीकडे. कुत्रं बांधून ठेवलं, ते भुंकलंही नाही. घरच्या माणसावर कुत्रं भुंकत नाही, एवढं साधं मला सुचू नये! सासूबाईंनी दाराशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. म्हणायच्या, "तहान लागली असेल. यांना नेहमी लागायची." मामंजींना आजारपणात फार तहान लागायची, ते मलाही आठवत होतं. सकाळी बघावं तर तांब्या रिकामा.

आता तर दिवसाउजेडीसुद्धा अंगणात एकटीने जायला नको वाटायचं. एकदा हे माती तुडवता तुडवता म्हणाले, "बापाला काय हवंय माझ्याकडून?" आणि तुडवतच राहिले. एकदाही वाकले नाहीत. त्या दिवशी घाण्यात एकही खडा सापडला नाही, आणि मला वाटलं, चला, माती तरी चांगली निघाली.

मग ती पहाट. फटफटत होतं, पाखरं बोलायला लागली होती. मला वासाने जाग आली. भट्टी पेटवून दुसरा दिवस होता, धुराचा वास असायचाच, पण हा तो नव्हता. कातडं जळाल्याचा, चरबी जळाल्याचा. शेजारी बघितलं तर अंथरूण रिकामं. म्हटलं, भट्टीत काहीतरी पडलं, उंदीर नाहीतर मांजर. तशीच धावले.

हे भट्टीच्या भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. तोंडावर असं सुख, की काय सांगू, ऊन खात बसलेल्या माणसाचं. शेजारी रिकामा तांब्या. डावा तळपाय भट्टीच्या तोंडाच्या विटांना लावलेला, आणि त्या पायातून बारीक धूर येत होता.

"अहो!" मी ओरडले.

"ओरडू नकोस, आई उठेल," हे डोळे न उघडता म्हणाले. "पाय गार पडतो गं फार. रोज इथे चार काटक्या पेटवून थोडा शेकतो आणि मागच्या दाराने आत येतो. आज कुठे ऊब लागायला लागलीय."

मी यांना काखेत धरून मागे ओढलं. तळपायाची कातडी विटेलाच चिकटून राहिली. खाली मांस दिसलं, पांढरट, भिजलेल्या भाकरीसारखं. रक्त फार नाही. हे माझ्याकडे बघत होते, मग पायाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "काय झालं?" म्हणाले. खरंच विचारत होते.

मी तोंड फिरवलं. बघवेना म्हणून फिरवलं, आणि समोर अंगण दिसलं. उजाडलं होतं. दारापासून कालच मांडलेल्या ओल्या कौलांवरून एकेक पाऊल निघालं होतं, टाच फरपटत, अंगठा नसलेलं, आणि येऊन थांबलं होतं यांच्या पायाशी. मी पायाकडे नीट बघितलं. अंगठा होता, पण वाकडा होऊन वर उचलला गेला होता. जमिनीला टेकतच नव्हता.

कुणी भूत आलं असतं तर मला एवढी भीती वाटली नसती.

गाडीवाल्याच्याच हातापाया पडून त्याची गाडी घेतली. भला माणूस, मागचं काही काढलं नाही त्याने. दवाखान्यात सिस्टर होत्या, डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. सिस्टर म्हणजे बाई जाडजूड, बोलायला तिखट. पाय धुता धुता त्यांचा हात थांबला. भाजलं होतं टाचेकडे, पण अंगठ्याच्या बुडाशी वेगळीच एक जुनी जखम होती, कडेने घट्टा चढलेली, आत काळी. घाण वास येत होता. चिमटा घालून त्यांनी काहीतरी उपसलं आणि ताटलीत टाकलं. टण् असा आवाज झाला.

वाटाण्याएवढा खडा. चुनखडीचा.

"हा किती दिवस पायात घेऊन फिरताय?"

हे ताटलीकडे बघत राहिले. वीस वर्षं जो माणूस मातीतून खडे वेचत आला, त्याच्याच पायात खडा घर करून बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. हे रडले. लग्नानंतर मी यांना दोनदा रडताना बघितलंय, एकदा मामंजी गेले तेव्हा, आणि एकदा हे.

"माती मुकी झाली नव्हती," हे मला म्हणाले.

सिस्टरनी माझा हात ओढून यांच्या उजव्या पावलावर वरच्या बाजूला ठेवला. "इथे. लागतोय ठोका?" लागला. बारीक, पण लागला. मग डाव्या पावलावर ठेवला. मी बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली, दाबून बघितलं. काही नाही. थंडगार, निपचित. जिवंत माणसाच्या अंगाला हात लावलाय असं वाटेना. मी हात काढून पदराला पुसला, आणि ते यांनी बघितलं.

"साखरेने नसा मेल्यात, म्हणून दुखत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि पायाकडे येणारी रक्ताची वाट बुजलीय, म्हणून पाय गार, आणि म्हणून जखम भरत नाही. एकटं एक असतं तर निभावलं असतं. दोन्ही एकत्र आलंय. गार पाय शेकायचा नसतो हो, शेकून रक्त येत नाही, नुसता पाय भाजतो. आजच्या आज मोठ्या इस्पितळात जा. उद्या म्हणाल तर पाय राहायचा नाही."

"तिथे कापतात," हे म्हणाले. "बापाला नेलं होतं. मी जाणार नाही. मला घरी ने."

मी गयावया केली, भांडले, शेवटी हात टेकले. गाडी घराकडे वळली. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी अंगणातली पावलं पुसली नव्हती. गाडीजवळ आल्या, यांच्या पायाची पट्टी बघितली, वास घेतला. अकरा वर्षांनी तोच वास त्यांना आला असणार.

"काय म्हणतोय हा?" त्यांनी मला विचारलं.

"जात नाही म्हणतात. तिथे कापतात म्हणे."

"हेही असंच म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "महिनाभर नाही नाही म्हणत राहिले. मी हळद भरत राहिले. महिन्याने नेलं तेव्हा अंगठा कापून भागेना, घोटा कापून भागेना. इस्पितळाने नाही मारलं रे तुझ्या बापाला. त्या महिन्याने मारलं, आणि मी त्यांना काही बोलले नाही, त्याने." मग अंगणाकडे बोट केलं. "ते पाऊल यांचं नव्हतं, हे आलं माझ्या लक्षात. पण वाट यांचीच आहे. त्या वाटेने तू जायचं नाहीस. गाडी फिरवा."

गाडीवाल्याने यांच्याकडे बघितलंही नाही. गाडी फिरवली.

इस्पितळात आम्ही बावीस दिवस काढले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने मला मुलीसारख्या, पण शहाण्या. जांघेतून तार घालून त्यांनी पायाची बुजलेली वाट मोकळी केली. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढली, ती मेलीच होती. "पाय वाचला," म्हणाल्या, "आता तुम्ही वाचवायचा." रोज तळपाय आरशात बघायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत, अनवाणी पाऊल टाकायचं नाही. हे प्रत्येकाला मान हलवत होते. अनवाणी म्हटल्यावर मान थांबली.

त्या दिवशी संध्याकाळी मी पांघरुणात हात घालून यांचं पाऊल धरलं. गरम होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा गरम होतं. पट्टीच्या कडेला बोटं ठेवली आणि ठोका लागला. मी किती वेळ बोटं काढलीच नाहीत. नर्स दोनदा येऊन गेली. बघेना का, मला काय!

घरी आल्यावर माती मळायला मी उतरले. दुसरं कोण होतं? शाळेची कौलं द्यायची होतीच, आणि पोटही होतं. हे हौदाच्या काठावर स्टुलावर बसायचे, जाड तळाच्या बुटात पाय घालून, आणि सांगायचे. "घाई करू नकोस. टाच नको, आधी बोटं. ऐक जरा." मी म्हणायचे, "ऐकतेय, पण ती माझ्याशी बोलत नाही." सुपारीएवढा खडा तेवढा मला लागायचा, बारीक निसटायचे. पहिल्या भट्टीची कौलं तिसऱ्या दिवशी पुन्हा वाजली. आधीपेक्षा कमी, पण वाजली. हे तो आवाज ऐकत बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या घाण्याच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. मी पोटरीपर्यंत मातीत, साडी खोचलेली, घामाने डोळे चुरचुरत होते. हे काहीतरी सांगत होते, गाडीवाल्याच्या बैलाबद्दल, आणि बोलता बोलता थांबले. "आई गं," म्हणाले आणि बुटाला हात लावला.

"काय झालं? जखम दुखली?"

"जखम नाही. अंगठा."

"कुठला अंगठा?"

"डावा."

"अहो, तो नाही आता."

"नाही ते मला माहीत आहे," हे म्हणाले. घाबरलेले नव्हते, गोंधळलेले होते. "होता तेव्हा दोन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही त्याने. आता रोज बोलतो. कधी खाजतो, कधी ठणकतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं. पण हे ते नव्हे." थोडा वेळ डोळे मिटून बसले. "खडा लागलाय गं."

मी होते तिथेच थांबले.

"कुठे?"

यांनी डोळे न उघडता बोट केलं. "तुझ्या उजव्या टाचेच्या मागे. वीतभर. खाली आहे, तळाशी."

तिथून मी तीनदा गेले होते. माझ्या पायाला काही लागलं नव्हतं. तरी वाकले, कोपरापर्यंत हात घातला, तळाची माती मुठीत धरून वर काढली आणि बोटांनी दाबत गेले. मऊ, मऊ, मऊ. आणि मग कचकन लागला. तिळाएवढा. पांढरा.

मी तो यांच्या तळहातावर ठेवला. हे हसले. पूर्वी हसायचे तसे, आणि बैलाचं अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सांगायला लागले.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "खडा निघाला का गं?"

"निघाला."

"कुणाला लागला?"

"यांना," मी म्हटलं.

कुठल्या यांना, ते त्यांनी विचारलं नाही. आत गेल्या, आणि भरलेला तांब्या आणून हौदाच्या काठावर ठेवला.